नदीपलीकडे धरलेलं पुस्तक

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. गळ्याची शपथ. आता गळा कुणाचा ते विचारू नका, ज्यानं सांगितली त्याचा धरा. आणि शंभर टक्के म्हणजे अगदी मोजून शंभर नाही. नदी खरी आहे, थंडी खरी आहे, बाकीचं ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर ऐकावं.

तर एका गावात एक माणूस होता. गोष्ट संपेपर्यंत तो म्हातारा होणार आहे, पण सुरुवातीला नव्हता. गावात वाचता येणारा तो एकटाच. बाकीच्यांना ऐकता यायचं.

त्याच्याकडे एकच पुस्तक होतं, सातशे पानांचं. त्या पुस्तकात एक माणूस बायकोवर रागावून घर सोडतो, पहिल्याच पानावर पस्तावतो आणि उरलेली सगळी पानं घरी परत यायची वाट शोधत फिरतो.

गावाचा एक रिवाज होता. मनातल्या मनात वाचायचं नाही. दार लावून एकट्यानं पुरणपोळी खाणं आणि मनात वाचणं, दोन्ही सारखंच वाईट. वाचायचं तर ओट्यावर बसून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आणि वाचन फक्त थंडीत. पावसाळ्यात पानं दमट होतात, उन्हाळ्यात डोकं तापतं. हरभरा पेरून झाला, सकाळी अंगणात कोवळं ऊन आलं, की माणूस ओट्यावर बसायचा आणि पुस्तक उघडायचा. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून गेली, की पुस्तक बंद. पुढचं पुढच्या वर्षी.

आता इतक्या थंड्यांत सातशे पानं का संपली नाहीत, असं कुणी विचारेल. तर दर वर्षी निम्मी थंडी ‘मागच्या वर्षी कुठं होतो आपण’ यातच जायची. उरलेल्या निम्म्यात कुणीतरी उशिरा यायचं आणि म्हणायचं, आबा, मी नव्हतो, परत वाचा.

असं चालू असताना माणूस चाळिशीला आला आणि अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. त्यानं पुस्तक जरा लांब धरलं, मुंग्या थांबल्या. पुढच्या थंडीत अजून जरा लांब धरलं. पंचेचाळिसाव्या वर्षी हात संपला. हात काही वाढेना, वाढलं ते पोट.

मग बायको पुस्तक घेऊन अंगणाच्या टोकाला उभी राहिली. तो ओट्यावरून वाचायचा, ‘उलट’ म्हणाला की ती पान उलटायची. आपलं लग्न लागून पंचवीस वर्षं झाली तरी तुम्ही मला अजून अंतरपाट धरायला उभं केलंय, असं ती म्हणायची. म्हणायची, पण धरायची.

पन्नाशीत पुस्तक शेजाऱ्याच्या गोठ्याच्या छपरावर गेलं. पंचावन्नला बांधावरच्या बोरीखाली. बासष्टीला थेट नदीच्या काठाला. एवढ्या लांबून अक्षरं दिसायची कशी, असं विचारू नये. दिसायची. जवळचं मात्र काही दिसायचं नाही. ताटातली चटणी कुठली आणि लोणचं कुठलं, हे त्याला बायको सांगायची.

रोज एकाच माणसानं धरायचं म्हटलं तर हात आखडतात. म्हणून कालव्याच्या पाण्याची पाळी असते, तशी गावानं पुस्तकाची पाळी लावली. सोमवारी सुतार, मंगळवारी कुंभार, बुधवारी कुंभाराची सासू. कुंभाराची सासू पुस्तक उलटं धरायची. म्हातारा बुधवारी उलटं वाचायचा. एवढी बाई ऊन लागेपर्यंत आपल्यासाठी थंडीत उभी राहते, तिला पुन्हा सरळ-उलटं काय सांगायचं?

यात एक गंमत झाली. पुस्तक हातात होतं तेव्हा त्याला फक्त पुस्तक दिसायचं. ते नदीकाठी गेलं, तेव्हा मधलं सगळं दिसायला लागलं. तुरीची पिवळी फुलं, हरभऱ्यावरचं दव, पाठीला ऊन देत बसलेल्या म्हशी, शेपटी नाचवणारे धोबी पक्षी. इतकी वर्षं तो याच ओट्यावर बसत होता, पण हे सगळं इथंच असतं हे त्याला माहीत नव्हतं.

आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायची त्याची सवय. पुस्तकासमोरून काही गेलं की तेही वाचण्यात यायचं. राजानं म्यानातून बगळा काढला. राणी शेळी शेळी रडू लागली. गावाला ते सगळं पुस्तकातलंच वाटायचं. राजाच्या बगळ्याचं पुढं काय झालं, हा प्रश्न गावात अजून निघतो.

रोज वाचन संपलं की म्हातारा पुस्तक धरणाऱ्याला ओरडून सांगायचा, ‘उपकार झाले.’ तिकडून हात वर व्हायचा. मग दोघंही जेवायला जायचे.

म्हातारा सत्तरीचा झाला, तेव्हा नदीचा काठही कमी पडला. आता पुस्तक नदीपलीकडच्या टेकडीवर धरायला हवं होतं. पानं उरली होती साठ. पण टेकडी होती पलीकडच्या गावाची, आणि त्या गावाशी यांचं बोलणं तीस वर्षं बंद होतं.

भांडण धुक्यावरून होतं. थंडीत सकाळी नदीवर धुकं यायचं. तीस वर्षांपूर्वी त्या धुक्यात या गावची वरात वाट चुकली आणि पलीकडच्या गावात दुसऱ्याच लग्नाच्या पंगतीला बसून जेवून आली. पलीकडचे म्हणाले, तुम्ही आमचं जेवण खाल्लंत. हे म्हणाले, तुम्ही तुमचं धुकं आवरत नाही. तेव्हापासून दोन्ही गावं म्हणायची, धुकं त्यांचं. ते आपलं, असं म्हणायला कुणीच तयार नव्हतं.

म्हातारा दोन दिवस ओट्यावर बसून हिशेब करत राहिला. पुढच्या थंडीत नजर टेकडीच्याही पलीकडे गेली असती, आणि टेकडीपलीकडे काही नव्हतं, नुसतं आभाळ. आभाळात पुस्तक कोण धरणार? म्हणजे यंदा पुस्तक संपलं तर संपलं, नाहीतर तो माणूस घरी पोचला की नाही, हे न कळताच मरायचं.

त्याची बायकोही आता म्हातारी झाली होती. म्हातारी म्हणाली, “मग विचारा की त्यांना.”

“बोलणं बंद आहे गं.”

“बोलू नका. वाचा.”

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. ती जवळ बसली होती, त्यामुळे दिसली नाही, पण बघत राहिला. मग तो नदीकाठी गेला, रिकामे हात पुस्तकासारखे पुढं धरले आणि मोठ्यानं वाचायला लागला.

“आणि मग त्या म्हाताऱ्यानं पलीकडच्या गावाला विचारलं, की साठ पानं राहिलीत, जरा पुस्तक धराल का?”

पलीकडच्या काठावर त्या गावचा पाटील दात घासत उभा होता. त्यानं चूळ भरली, त्यानंही हात पुढं धरले आणि वाचलं, “आणि पलीकडच्या गावानं सांगितलं, विचार करून कळवतो.”

पाटलाला विचार फार करावा लागला नाही. म्हाताऱ्याचा आवाज इतकी वर्षं नदीपार जात होता आणि पाटील रोज काठावर येऊन दात घासत होता, तो काही दातांसाठी नाही. मागच्या शिवरात्रीला पुस्तक बंद झालं, तेव्हा पुस्तकातला माणूस विहिरीत पडलेला होता. तो दहा महिने विहिरीत होता आणि पाटलाला दहा महिने जेवण गेलं नव्हतं.

नदीच्या मधोमध एक खडक होता. तो कुणाचाच नव्हता. या गावानं पुस्तक घोंगडीत गुंडाळून खडकावर ठेवलं, त्या गावानं उचललं. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पाटील फेटा बांधून टेकडीवर उभा राहिला आणि म्हाताऱ्यानं ओट्यावरून माणसाला विहिरीतून बाहेर काढलं. दोन्ही काठांवर लोकांनी सुस्कारा सोडला. मग एकमेकांचा सुस्कारा ऐकू आला म्हणून दोन्हीकडचे लोक जरा अवघडले.

पाटलानं पाळी लावली नाही. रोज स्वतःच उभा राहायचा. त्याला वाचता येत होतं, पण त्याचीही साठी उलटली होती. हातातलं पुस्तक त्याच्या डोळ्यांना नुसता राखाडी चिखल दिसायचा. ही गोष्ट त्यानं घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती. पाटलाला दिसत नाही म्हणजे काय? तर तो ‘उलटा’ ऐकू आलं की पान उलटायचा आणि बाकीच्यांसारखाच ऐकायचा.

अशी एकोणसाठ पानं झाली. शिवरात्र पाच दिवसांवर आली होती. एकोणसाठाव्या पानाच्या शेवटी तो माणूस एका डोंगरावर चढला आणि लांबवर त्याला आपल्या गावचा धूर दिसला, चुली पेटल्याचा. म्हातारा हे वाचताना दोनदा थांबला. मग त्यानं हाक दिली, उलटा. पाटलानं पान उलटलं.

आणि धुकं आलं.

रोज धुकं यायचं ते उन्हं चढली की जायचं. हे बसलंच. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. टेकडी नाही, पाटील नाही, पुस्तक नाही. म्हातारा रोज सकाळपासून ओट्यावर बसून पांढऱ्याकडे बघायचा आणि शेवटचं पान दिसतंय का म्हणून मान वाकडी करायचा. नदीपार ओरडून ओरडून त्याचा घसाही बसला होता. चौथ्या दिवशी तर तोंडातून फक्त हवा यायला लागली. लोक त्याच्यासाठी काढे आणत होते आणि अधूनमधून नदीकडे तोंड करून ‘आवरा की तुमचं धुकं’ असं म्हणत होते. तिकडूनही तेच येत होतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी धुक्यात वाट चुकून एक चष्मेवाला गावात आला. लोकांनी त्याला सगळी हकीकत सांगितली. 

मग त्यानं विचारलं, “तीस वर्षं पुस्तक मागं मागं नेत होता तुम्ही?”

होय म्हणाले.

“आणि चष्मा कुणालाच सुचला नाही?”

गावानं एकमेकांकडे बघितलं. मग कुंभाराच्या सासूनं सांगितलं, की पाळी व्यवस्थित चालली होती, मग दुसरं काही कशाला सुचेल?

चष्मेवाल्याकडे एकच चष्मा उरला होता. म्हातारीनं पायलीभर हरभरे मोजून दिले आणि तो चष्मा म्हाताऱ्याच्या नाकावर चढवला. म्हाताऱ्याला पहिल्यांदा स्वतःचा तळहात दिसला. मग म्हातारी दिसली. कितीतरी वर्षांनी तो तिला हातभर अंतरावरून बघत होता. त्यानं बोट लावून तिच्या सुरकुत्या एकेक करून बघितल्या, नवीन पान असल्यासारख्या.

“वाचताय काय,” म्हातारी म्हणाली. “पुस्तक मागवा.”

सगळं सोपं झालं होतं. पुस्तक खडकावर ठेवायला सांगायचं, उचलून आणायचं, शेवटचं पान मांडीवर घेऊन वाचायचं. म्हातारीनं काठावर जाऊन पलीकडे तसं सांगितलं. अर्थात वाचल्यासारखं करून. धुक्यातून पाटलाचा आवाज आला, तोही पुस्तकी.

“आणि पलीकडच्या गावानं सांगितलं, पुस्तक तुमचंच आहे, ठेवतो खडकावर.” मग जरा थांबून आवाज आला, “आणि पलीकडचं गाव नदीकाठी बसून राहिलं. पुढं काय झालं ते त्यांना काही कळलं नाही.”

म्हातारा खाली मान घालून बसला. पाटलाचं बरोबर होतं. घसा बसलेला. पुस्तक आलं, तर शेवटचं पान तो वाचणार कसा? मनात. तो एकटा जेवणार आणि बाकी दोन गावं उपाशी. इकडचे बिचारे काही बोलले नसते. सुतार म्हणालासुद्धा, आबा, तुम्ही वाचा, आम्हाला नंतर सांगा, घसा सुटला की. पण घसा काही बोलून ठरवून सुटत नसतो, आणि वय तर तोवर थांबत नाहीच नाही.

दुसरा रस्ता एकच होता. पुस्तक चष्म्याकडे आणायचं नाही, चष्मा पुस्तकाकडे पाठवायचा. पाटलाला वाचता येतं हे दोन्ही काठांना माहीत होतं, आणि तरी तो हातातलं पान चार दिवस वाचत नव्हता, म्हणजे त्याच्याही मुंग्या पळत होत्या. मग शेवटचं पान पाटील वाचेल आणि सगळ्यांना ऐकू येईल. फक्त म्हाताऱ्याला ते वाचायला मिळणार नाही. चाळीस थंड्या एकेक पान करत तो जिथं आला होता, ते शेवटचं पान दुसऱ्याच्या तोंडात जाणार, आणि तेही धुकं न आवरणाऱ्या गावच्या पाटलाच्या.

म्हाताऱ्यानं आधी एकदा म्हातारीकडे नीट बघून घेतलं. मग चष्मा उतरवला, तिच्या पदरात ठेवला आणि नदीकडे बोट केलं.

म्हातारीनं चष्मा घोंगडीत गुंडाळला, गुडघाभर गार पाण्यातून स्वतः चालत गेली आणि खडकावर ठेवून आली.

थोड्या वेळानं पलीकडे खाकरल्याचा आवाज झाला. पाटलानं चष्मा घातला असणार. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. इकडच्या काठावर अख्खं गाव धुक्यात बसलं होतं, तिकडच्या काठावर अख्खं गाव बसलं होतं, आणि कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. त्यामुळे कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं.

मग पाटलानं वाचायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग जरा दमानं.

“तो माणूस डोंगर उतरला. गावात शिरला. त्याला वाटलं, आपल्याला कुणी ओळखणार नाही, केस पिकले, पाठ वाकली. पण कुत्र्यानं ओळखलं. घराचं दार उघडंच होतं. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. ती म्हणाली, हात धुऊन घ्या.”

 मग इकडून कुंभाराच्या सासूनं तीस वर्षांत पहिल्यांदा पलीकडे तोंड करून सरळ विचारलं, “कसली भाकरी हो पाटील?”

पलीकडे जरा वेळ गेला.

“बाजरीची,” पाटील म्हणाला. “थंडी आहे ना.”

“असं लिहिलंय होय त्यात?”

“मग मी काय पदरचं सांगतोय?”

पुढं पाटलानं वाचलं, की भाकरीबरोबर वांग्याचं भरीत होतं, तो माणूस दोन भाकरी जेवला, बायकोनं तिसरी वाढली, आणि तेवढ्यात शेजारीपाजारी आले, त्यांनाही बसवलं. समाप्त.

म्हातारा ओट्यावर बसून ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी वाचून दाखवत होतं. चाळीस वर्षं लोक काय खाऊन उठतात, ते त्याला आत्ता कळलं. डोळे पुसावेत तर समोर धुकंच होतं, पुसले काय न पुसले काय. त्याला ओरडून दोन शब्द म्हणायचे होते, पण तोंडातून हवा आली. म्हातारी उठून काठावर गेली आणि त्याच्या वतीनं ओरडली, “उपकार झाले.”

पलीकडे हात वर झाला असणार.

शिवरात्रीच्या सकाळी धुकं विरलं. पाटील स्वतः नदी ओलांडून आला, तीस वर्षांत पहिल्यांदा. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात चष्मा. ओट्यावर बसला, म्हातारीनं दिलेलं पाणी प्यायला आणि छताकडे बघत राहिला.

म्हाताऱ्यानं चष्मा घातला. पुस्तक मांडीवर घेतलं. शेवटचं पान उघडलं.

शेवटच्या पानावर दंतमंजनाची जाहिरात होती.

पानभर. वर एक हसणारा माणूस, खाली ‘हिरड्या मजबूत, श्वास सुगंधी’. म्हाताऱ्यानं मागचं पान बघितलं. तिथं लांबवर धूर दिसला होता आणि खाली बारीक अक्षरांत ‘समाप्त’ लिहिलेलं होतं. नदीपार, टेकडीवर, ते कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. आलंच असेल तर त्या वेळी समोरून एखादा बगळा गेला असेल.

म्हणजे पुस्तकातला माणूस धुरापर्यंतच आला होता. तिथून पुढं त्याला घरी आणला तो पाटलानं. दोन गावं समोर बसलेली, हातात दंतमंजन, आणि ज्या गावाची तीस वर्षं खोडी काढायची संधी शोधली ते गाव तोंड उघडं टाकून वाट बघतंय. पाटलाला नुसती जाहिरात वाचून दाखवायची होती. पुढची तीस वर्षं हसायची सोय झाली असती.

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाटलाकडे बघितलं. पाटील अजून छताकडेच बघत होता.

“काय आबा,” तो छताला म्हणाला, “बरोबर वाचलं ना मी?”

म्हाताऱ्याचा घसा सकाळपासून जरा सुटला होता. त्यानं पुस्तक हळूच मिटलं.

“शब्दाला शब्द,” म्हातारा म्हणाला. “चष्मा राहू दे तुमच्याकडे. पुढच्या थंडीला नवीन पुस्तक आणू. दिवसाआड तुम्ही वाचा, दिवसाआड मी. माझ्या दिवशी चष्मा तेवढा खडकावर ठेवा.”

म्हातारी आत भाकऱ्या थापायला गेली होती. तिथूनच तिनं दोघांना हात धुऊन घ्यायला सांगितलं.

तात्पर्य: वय झालं की एकेक गोष्ट हाताबाहेर जाते, आणि तिथं कुणीतरी ती धरून उभं असतं. घसा शाबूत आहे तोवर त्याला ‘उपकार झाले’ म्हणून घ्यावं, आणि त्यानं पदरचे चार शब्द जास्त वाचले तर मूळ पान दाखवू नये.

झाली गोष्ट. आता मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, प्रत्येकी. उधारी नाही. ‘आम्ही फक्त शेवट ऐकला’ म्हणणाऱ्यांनी अर्धी मूठ द्यावी. आणि ‘ही गोष्ट खरी नव्हती’ म्हणणाऱ्यांनी दोन मुठी, कारण खोटी गोष्ट रचायला कष्ट जास्त पडतात.